ढगाआडच्या उल्का: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात मिथुन उल्कावर्षावाबद्दल लिहिताना मी एक वाक्य ओझरतं लिहून गेले होते: ‘आकाश झाकोळलेलं असेल तर मी रेडिओ लावते आणि उल्का ऐकते.’ सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. सातपूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले तेव्हापासून मला हा नाद आहे आणि हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवण्याचं, लायसन्सही तेव्हाचंच. म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच विषयाला देते आहे.

उल्का शंभर किलोमीटरवर जळते. तिथे हवा जवळजवळ नाहीच, मग आवाज कुठून येणार? आमच्या वर्गात यावर वाद झाला आणि हे शक्य नाही असं ठरलं. — अकरावी विज्ञानचा विद्यार्थी, सिन्नर

तुमच्या वर्गाचा मुद्दा पक्का आहे. उल्केचा स्वतःचा आवाज रेडिओत येत नाही. जो येतो तो दिल्लीच्या किंवा बेंगळुरूच्या एफएम स्टेशनचा, आणि उल्केमुळे तो क्षणभर आपल्यापर्यंत पोचतो.

एफएमच्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे शे-दीडशे किलोमीटरनंतर जमीन खाली वळते आणि लहरी वरून निघून जातात. शॉर्टवेव्हला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खाली परतवतो, म्हणून ती जगभर ऐकू येते. एफएमची लहर मात्र त्या थरातून आरपार अवकाशात जाते. त्यामुळे दिल्लीचं एफएम एरवी नाशिकला ऐकू येत नाही.

आता वाळूच्या कणाएवढी धूळ सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते असं समज. साधारण १२० ते ८० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात ती तापून तिची वाफ होते. वाफेतले अणू हवेच्या रेणूंवर आपटतात, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मागे कित्येक किलोमीटर लांबीचा विद्युतभारित माग राहतो. आपल्या डोळ्यांना रेघ दिसून विझलेली असते, पण इलेक्ट्रॉन लगेच पांगत नाहीत. तेवढ्या वेळात दिल्लीहून वर निघालेली लहर त्या मागावर आदळली आणि कोन जुळला, तर ती परावर्तित होऊन नाशिकला उतरते. माग शंभर किलोमीटर उंच असल्यामुळे या पद्धतीने दोन हजार किलोमीटरपर्यंतचं स्टेशन सापडू शकतं.

प्रत्यक्षात काय ऐकू येतं तेही सांगते. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर चालू असते. मध्येच ती तुटते आणि अगदी स्वच्छ आवाजात तबल्याचे दोन ठोके येतात, किंवा ‘समाचार’मधलं नुसतं ‘माचा’, आणि पुन्हा खरखर. आवाज कुजबुजल्यासारखा येत नाही. एफएमच्या रिसीव्हरचा स्वभावच असा की सिग्नल ठराविक पातळीच्या वर गेला की तो त्याला पकडतो आणि खरखर दाबून टाकतो. माग विरळ असेल, म्हणजे दर मीटरला एकावर चौदा शून्यं यापेक्षा कमी इलेक्ट्रॉन असतील, तर हा खेळ सेकंदाच्या अंशात संपतो. माग त्याहून दाट असेल तर सिग्नल काही सेकंद टिकतो आणि निवेदिकेचं अख्खं वाक्य कानावर पडतं. पहिल्यांदा असं वाक्य ऐकशील तेव्हा तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना शेजारी बसव.

घरात एक जुना ट्रान्झिस्टर आहे आणि मोबाइलमध्ये एफएम आहे. यावर जमेल का? नवीन काही घ्यायचं तर काय घ्यावं? — गृहिणी, पंचवटी

ट्रान्झिस्टरवर जमेल, मोबाइलवर अवघड आहे. मोबाइलचा एफएम हेडफोनच्या वायरीलाच एरियल मानतो आणि कमकुवत सिग्नल आला की स्वतःच आवाज बंद करतो. आपल्याला ती खरखर हवी आहे, कारण ती कुठे तुटते हेच ऐकायचं आहे. हाताने चकती फिरवायचा ट्रान्झिस्टर म्हणूनच जास्त कामाचा. दारात गाडी असेल तर गाडीतला रेडिओ सहसा याहूनही संवेदनशील असतो आणि त्याचं एरियल छतावर, मोकळ्यात असतं. इंजिन बंद ठेवून ऐका.

खरी मेहनत आहे ती फ्रिक्वेन्सी निवडण्यात. आपल्याला अशी जागा हवी की जिथे नाशिकचं काही नाही, मुंबई-पुण्याचंही नाही, पण हजारएक किलोमीटरवर मोठं स्टेशन आहे. मुंबई आपल्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पुणंही फार लांब नाही, आणि उंच गच्चीवर दोन्हीकडची स्टेशनं पुसट येऊ शकतात. ती टाळा. दिल्लीचं एफएम रेनबो १०२.६ वर आहे, बेंगळुरूची विविध भारती १०२.९ वर. नाशिकहून दिल्ली साधारण हजार किलोमीटर, बेंगळुरू पावणेनऊशेच्या आसपास. तुमच्या गच्चीवर या दोन्ही जागा मोकळ्या आहेत का, हे दुपारच्या वेळी शांतपणे तपासा. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं दमदार स्थानिक स्टेशन तिथे सांडत असेल तर पुढची जागा शोधा. एकच फ्रिक्वेन्सी देशात अनेक शहरांत वापरली जाते, त्यामुळे ऐकू आलेला तुकडा नेमका कुठला हे कधी कधी कळणार नाही. उल्का मोजायला त्याने काही बिघडत नाही.

एरियल घरीच करा. अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी ७० सेंटिमीटर, एका पीव्हीसी पाइपवर एका रेषेत बसवा आणि मध्ये दोन बोटं फट ठेवा. डिश टीव्हीची केबल घेऊन तिची आतली तार एका नळीला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या नळीला जोडा. जोड नीट घासून, स्क्रू आवळून, वरून टेप गुंडाळून पक्का करा. नाशिकच्या पावसात पहिली केबल गंजते ती याच जोडात. नळ्या पूर्व-पश्चिम आडव्या ठेवल्या की उत्तरेची दिल्ली आणि दक्षिणेचं बेंगळुरू दोन्ही त्यांच्या समोर येतात. दिल्लीची लहर ज्या भागात परतते तो आपल्यापासून पाचशे किलोमीटरवर, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम नऊ-दहा अंश वर. समोर उंच इमारत असेल तर तो भाग झाकला जातो. म्हसरूळला चामर लेण्याच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्यांनी उत्तरेचा नाद सोडून दक्षिणेकडचं स्टेशन धरावं.

नवीन काही घ्यायचंच असेल आणि घरात लॅपटॉप असेल, तर आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हच्या आकाराचा डोंगल मिळतो, तो घ्या. महागड्या रिसीव्हरचं काम तो काही हजार रुपयांत करतो. एसडीआर शार्पसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सिग्नल कानांना ऐकू येतो आणि पडद्यावर उजळ रेघ होऊन दिसतोही. पण सुरुवात ट्रान्झिस्टरवर करा. कान तयार झाला की पडद्यावरच्या रेघांचा अर्थ लागतो.

आमच्याकडे रात्रीची लाइट असते तेव्हा मोटर चालू करायला उठावंच लागतं. थंडी वाढली की पहाटे बागेत शेकोट्याही कराव्या लागतात. जागा आहोच तर उल्का ऐकाव्या म्हणून विहिरीपाशी रेडिओ लावला, तर नुसता घरघर आवाज. कुठल्या वेळी आणि कुठे बसावं? — द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

भाऊ, तुमच्याकडे शहरातल्या कुणाकडेही नाही अशी जागा आहे. फक्त विहिरीपासून उठा. स्टार्टर, ऑटो-स्विच, मोटर, ट्रान्सफॉर्मर हे सगळं रेडिओत घरघर ओततं. सोलर पंपाचा कंट्रोलर असेल तर तो दिवसा याहून वाईट. बागेच्या दुसऱ्या टोकाला, विजेच्या तारांपासून शक्य तितकं लांब जा आणि रेडिओ सेलवर चालवा. स्वस्तातला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जरही गडबड करतात, ते बंद ठेवा. घरघर कमी होते का हे एकेक वस्तू बंद करून पाहा, दोषी सापडतोच. आणि एक कळकळीचं सांगणं: एरियलची नळी उभी करताना वर तार नाही ना, हे दिवसाउजेडी बघून घ्या. शेतावरून गेलेल्या तारा अंधारात दिसत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर पहाट. कुठलाही उल्कावर्षाव नसला तरी पहाटे उल्का जास्त आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळ्यात कमी असतात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते, आणि पहाटे आपण तिच्या पुढच्या बाजूला असतो. पावसात मोटारसायकल चालवली की छाती भिजते, पाठ त्या मानाने कोरडी राहते, तसंच हे. एका रात्रीत हा फरक लक्षात येतो. नेमून अर्धा तास संध्याकाळी मोजा आणि अर्धा तास पहाटे पाचनंतर मोजा.

मिथुन वर्षावाच्या रात्री, म्हणजे १३ आणि १४ डिसेंबरच्या मध्ये, एक वेगळी गोष्ट घडते आणि ती तुमच्यासारख्या रात्रभर जाग्या माणसालाच कळू शकते. या उल्का ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात तो मिथुन राशीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ असतो. नाशिक २० अक्षांशावर असल्यामुळे हा बिंदू रात्री अडीचच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येतो. डोळ्यांनी बघणाऱ्याला तेव्हा सगळ्यात जास्त उल्का दिसायला हव्यात. रेडिओवर मात्र त्याच वेळी आकडा उतरू शकतो. कारण बिंदू डोक्यावर असला की उल्का वरून खाली जवळजवळ उभ्या येतात, त्यांचे माग उभे पडतात, आणि आडव्या आलेल्या लहरीला नाशिकच्या दिशेने परतवायला लागणारा कोन फार थोड्या मागांना साधतो. बिंदू अर्ध्या उंचीवर असताना, म्हणजे रात्री अकरा-साडेअकराला आणि पुन्हा पहाटे साडेपाचच्या सुमाराला, कोन सगळ्यात छान जुळतात. तेव्हा अडीच वाजता आकडा पडला म्हणून रेडिओ बिघडला समजू नका. मोटर सुरू करून या, थोडं पडा, आणि शेकोटीच्या वेळी पुन्हा ऐकायला बसा.

डिसेंबरात आकाश स्वच्छच असतं, तेव्हा उल्का डोळ्यांनी दिसतात. मग रेडिओचा खटाटोप कशासाठी? — निवृत्त शिक्षक, मनमाड

गुरुजी, याचं उत्तर ऑगस्टमध्ये आणि जूनमध्ये आहे.

ययाती उल्कावर्षाव, म्हणजे पर्सिड्स, १२-१३ ऑगस्टच्या रात्री भरात येतो. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे टाकलेली ती धूळ सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येते. युरोप-अमेरिकेत लोक सुट्टी काढून टेकड्यांवर जातात. आपल्याकडे तेव्हा श्रावणाच्या आसपासचे दिवस असतात, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी धुक्यात बुडालेले, आणि गंगापूर धरणावरून वर बघावं तर एक तारा दिसत नाही. नाशिकमध्ये जन्म काढूनही हा वर्षाव धड न पाहिलेले कितीतरी आकाशप्रेमी मला माहीत आहेत. रेडिओला ढग आडवे येत नाहीत. माग शंभर किलोमीटरवर, ढग दहा-पंधरा किलोमीटरच्या खाली, आणि एफएमची लहर त्यातून सहज जाते. शिवाय इथे आपलं अक्षांश कामाला येतं. या वर्षावाचा बिंदू आपल्याकडे रात्री दहाच्या सुमाराला उगवतो आणि पहाटेपर्यंत चढत पन्नासएक अंशांवर जातो. रेडिओला हीच उंची सगळ्यात मानवते. पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि हेडफोनमध्ये एकामागून एक उल्का येत असतात. मला वर्षातली हीच रात्र सगळ्यात प्रिय आहे.

आणि जून. ७ जूनच्या आसपास, आपल्याकडे मृग लागतो त्याच दिवसांत, मेष राशीतून एक जोरदार उल्कावर्षाव होतो आणि तो भर दिवसा होतो. बिंदू सूर्याच्या इतका जवळ असतो की रात्री तो क्षितिजाखालीच राहतो. पहाटे सूर्याच्या थोडा आधी उगवतो आणि साडेदहाच्या सुमाराला डोक्यावर येतो. माणूस हजारो वर्षं आकाश बघत आला, पण हा वर्षाव आहे हे कुणाला माहीत नव्हतं. १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक इथे रडारने उल्का मोजताना दिवसाचे हे वर्षाव सापडले. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली रडारची यंत्रं घेऊन बर्नार्ड लव्हेल आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. नाशिकला या वर्षावासाठी सकाळी सहा ते आठ ही वेळ धरा. चहा घेत, उजेडात, खुर्चीवर बसून उल्कावर्षाव अनुभवायचा, हे फक्त रेडिओनेच शक्य आहे.

पौर्णिमेच्या चांदण्याचाही रेडिओवर काही परिणाम होत नाही, हेही यात धरा. म्हणजे ५-६ मेच्या पहाटेच्या आणि २१-२२ ऑक्टोबरच्या उल्का (दोन्ही हॅलेच्या धूमकेतूची धूळ), १७-१८ नोव्हेंबरच्या सिंह राशीतल्या, ३-४ जानेवारीच्या क्वाड्रँटिड्स, यांतलं काहीच चंद्रामुळे चुकत नाही.

खरखर तुटून मध्येच आवाज आला म्हणजे ती उल्काच, हे कशावरून? विमान, वीज असं काही असू शकतं ना? — वाचक, नाशिकरोड

असू शकतं, म्हणून स्टेशनचं अंतर महत्त्वाचं. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातं. तेवढ्या उंचीवरून परावर्तित झालेली लहर फार तर आठशे किलोमीटरवरच्या स्टेशनची असते. हैदराबाद आपल्यापासून पावणेसहाशेवर आहे, तिथला सिग्नल विमानावरून येऊ शकतो. तो हळूहळू वर येतो, थरथरतो, हळूहळू जातो. उल्केचा सिग्नल एका झटक्यात उठतो. स्टेशन आठशे किलोमीटरच्या पलीकडचं निवडलंत की विमानाचा प्रश्नच मिटतो.

वीज चमकली की कडाड असा आवाज येतो, पण त्यात स्टेशनचा शब्द किंवा सूर नसतो, आणि तो कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर सारखाच येतो. वादळ जवळ असेल तर मोजणी राहू द्या, केबल काढून ठेवा आणि गच्चीवरून खाली या.

खरी फसवणूक करतो तो स्पोरॅडिक ई नावाचा थर. मे ते ऑगस्टमध्ये शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर लोह, मॅग्नेशियम अशा धातूंच्या आयनांचे पातळ, दाट थर जमतात. हे धातू तिथे येतात ते उल्कांच्याच वाफेतून. तो थर तयार झाला की लांबचं एफएम मिनिटंच्या मिनिटं, कधी तासभरही, गावातलं असल्यासारखं वाजतं. ऐकायला फार मजा येते, स्टेशनची ओळख पटवायची ती संधीच, पण त्या वेळातले आकडे उल्कांच्या तक्त्यात धरू नयेत.

मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला हे करायचं आहे. सरकारी परवानगी लागते का? — आई, सिडको

ऐकायला काहीच लागत नाही. एकेकाळी घरातल्या रेडिओचंही लायसन्स पोस्टात भरावं लागायचं, ते कधीच बंद झालं. स्वतः संदेश पाठवायचे असतील, म्हणजे हॅम व्हायचं असेल, तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी किमान वय बाराच आहे, त्यामुळे तो अभ्यासाला आजच बसू शकतो. उल्कांच्या मागावरून एकमेकांना संदेश पाठवणारे हॅम जगभर आहेत. त्यासाठीचं सॉफ्टवेअर जो टेलर यांनी २००१ मध्ये तयार केलं. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले हे शास्त्रज्ञ स्वतः हॅम आहेत. मुलाला हे जरूर सांगा.

हे सगळं परदेशात सुरू झालं असेल. आपल्याकडे यावर कुणी काम केलं आहे का? — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला.

उल्का आणि रेडिओ यांचा संबंध असावा असं जपानमध्ये हांतारो नागाओका यांनी १९२९ मध्ये सुचवलं होतं, आणि अमेरिकेत स्केलेट यांनी १९३० च्या सुरुवातीच्या वर्षांत त्यावर काम केलं. पण उल्केची ‘शीळ’ ओळखली ती आपल्या आकाशवाणीच्या माणसांनी. चमनलाल आणि वेंकटरामन हे दोघे दिल्लीला ऑल इंडिया रेडिओत होते. शॉर्टवेव्ह स्टेशनची वाहक लहर (जिच्यावर बसून आवाज येतो ती मूळ लहर) ऐकताना त्यांना मधूनच एक शीळ ऐकू येई. ती उंच स्वरात सुरू होऊन झरझर खाली उतरे आणि बंद पडे. ही शीळ उल्केमुळे येते असं त्यांनी दाखवलं आणि १९४१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

कारण डॉपलर परिणामाचं आहे. उल्केच्या पुढच्या टोकाशी, नुकत्याच तयार होत असलेल्या मागावर आदळून आलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदललेली असते, कारण ते टोक प्रचंड वेगाने पुढे सरकत असतं. स्टेशनची थेट लहर आणि ही बदललेली लहर रिसीव्हरमध्ये एकत्र आल्या की त्यांच्या फरकाइतका सूर ऐकू येतो. उल्का पुढे जाते तसा आपल्याशी होणारा कोन बदलतो, फरक कमी कमी होतो, आणि सूर उतरत जातो. युद्धानंतर उल्कांचा वेग रेडिओने मोजायच्या ज्या पद्धती निघाल्या, त्यांच्या आधीचं हे काम आहे. त्या काळात, साध्या व्हॉल्व्हच्या रिसीव्हरवर, रोजच्या ड्यूटीतला एक बारीकसा आवाज त्यांनी सोडून दिला नाही, याचं मला फार मोल वाटतं. माझ्या वर्गात मी दरवर्षी ही दोन नावं फळ्यावर लिहायची.

ही शीळ तुलाही ऐकता येईल, पण साध्या एफएम रेडिओवर नाही. एसएसबी मोड (नुसत्या वाहक लहरीचाही सूर ऐकवणारी सोय) असलेला रिसीव्हर किंवा तो डोंगल हवा, आणि स्थिर वाहक लहर पाठवणारं स्टेशन हवं. पूर्वी दूरदर्शनच्या जुन्या अॅनालॉग ट्रान्समीटरांची चित्रलहर यासाठी उत्तम होती, ते आता जवळजवळ सगळे बंद झाले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर दोन ठिकाणांचं काम वाच. तिरुपतीजवळ गडांकी इथे ५३ मेगाहर्ट्झवर चालणारं मोठं रडार आहे आणि थुंबाला खास उल्का-रडार बसवलेलं आहे. उल्केचा माग वाऱ्याबरोबर वाहतो, त्यामुळे त्याच्या सरकण्यावरून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचा वारा मोजता येतो. तिथे फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. त्या उंचीवरच्या वाऱ्याची रोजची नोंद ठेवायला उल्कांसारखं दुसरं साधन नाही.

डिसेंबरात गच्चीवर रात्रभर बसवत नाही, गुडघे धरतात. रेकॉर्ड करून ठेवलं तर चालेल का? आणि मोजायचं नेमकं कसं? — आजोबा, इंदिरानगर

चालेल, आणि मीही आता तेच करते. एरियल गच्चीवर, केबल जिन्यातून खाली, रेडिओ आणि मोबाइलचा रेकॉर्डर बैठकीत पलंगाशेजारी. दोन्हींना जोडायची वायर मिळते. केबल पंधरा-वीस मीटरपर्यंत असेल तर सिग्नल फारसा मरत नाही. रेकॉर्डिंग सुरू करताना घड्याळातली वेळ मोठ्याने बोला, म्हणजे नंतर ऐकताना तास चुकत नाहीत.

मोजणी दर तासाची करायची. एक आडवी ओळ एका दिवसाची, उभे चोवीस रकाने तासांचे. खरखर तुटली की एक रेघ. सिग्नल पाच सेकंदांहून जास्त टिकला तर त्याच रेघेभोवती गोल, कारण मोठ्या उल्का वेगळ्या मोजायच्या असतात. एकाच उल्केचा सिग्नल थरथरत दोनदा-तीनदा वर येतो, दाट मागाला वरच्या वाऱ्याने वाकवलं की असं होतं. मध्ये सेकंदभराचीच खंड असेल तर ती एकच धरा. ज्या तासात ऐकलं पण काहीच आलं नाही तिथे शून्य लिहा, ज्या तासात ऐकलंच नाही तिथे फुली मारा. या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या की तक्ता निरुपयोगी होतो. फ्रिक्वेन्सी, एरियलची दिशा आणि रेडिओ महिनाभर बदलू नका. काही बदललंच तर तक्त्याच्या समासात तारखेसह लिहा.

वर्षावाच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मोजणं वर्षावाच्या रात्रीइतकंच गरजेचं आहे. एरवी किती येतात हे माहीत नसेल तर त्या रात्री किती वाढल्या हे कसं सांगणार? दिवसभर जमत नसेल तर पहाटे पाच ते सहा हा एकच तास रोज धरा, आजोबांना तो सोयीचाही असतो. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमा करते. भारतातून, त्यातही पावसाळ्यातल्या, नियमित रेडिओ नोंदी जितक्या वाढतील तितक्या हव्याच आहेत.

मिथुन वर्षावाचा तक्ता कुणी केला तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा. ३-४ जानेवारीच्या क्वाड्रँटिड्सचाही पाठवा. तो वर्षाव जेमतेम काही तास भरात असतो आणि आपल्याकडे त्याचा बिंदू मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, त्यामुळे पहाटेचे तास सोडू नका. तक्त्यावर गाव, फ्रिक्वेन्सी आणि एरियल कोणत्या दिशेला होतं तेवढं लिहा. सिन्नर, दिंडोरी, मनमाड आणि नाशिकचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे आहेत.